हापूसचा हंगाम कोणता डेटाबेस पेलेल? पोस्टग्रेस, मायएसक्यूएल आणि मारियाडीबी पारखून घेण्याची रीत

वागळे इस्टेट, महापे, ऐरोली इथल्या छोट्या सॉफ्टवेअर कंपन्यांकडून डेटाबेसच्या तुलनेचे अहवाल माझ्याकडे नजरेखालून घालायला येतात. बहुतेकांचा क्रम एकच असतो. लॅपटॉपवर तिन्ही डेटाबेस बसवायचे, तयार चाचणी मिनिटभर चालवायची आणि ज्याचा आकडा मोठा तो घ्यायचा. आपल्याला नेमकं किती हवं होतं, हा प्रश्न त्यानंतर पडतो, तोही बहुधा सर्व्हर बसल्यावर.

हा क्रम उलटा करायचा आहे. त्यासाठी एकच उदाहरण शेवटपर्यंत धरू: वाशीच्या फळबाजारातल्या गाळ्यांसाठीचं हिशोबाचं सॉफ्टवेअर. गाड्या रात्रीच लागतात. पहाटे आवक नोंदवतात, पेट्या विकल्या जातात, हमाली-तोलाई-वाहतूक वजा होऊन शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे त्याच्या पैशाचा हिशोब, निघते. दिवसभर यंत्र निवांत असतं, पण एप्रिल-मे महिन्यांत हापूसच्या गाड्या आल्या की पहाटेचे दोन-तीन तास सगळे एकदम तुटून पडतात. तुमचं काम वेगळं असेल, पण असा एखादा हंगाम तुमच्याकडेही असतोच: सोसायट्यांच्या मेन्टेनन्सची शेवटची तारीख, शाळेचे प्रवेश, पगाराचा दिवस.

## टप्पा १: काय वाढणार आहे ते एका पानावर लिहा

'स्केल झालं पाहिजे' हे वाक्य त्या पानावर चालणार नाही. वाढ चार तऱ्हांची असते आणि प्रत्येकीचं औषध वेगळं. दर सेकंदाच्या नोंदी वाढतात, एका वेळी जोडलेली माणसं वाढतात, साठलेला डेटा वाढतो, नाहीतर अहवाल जड होत जातात. तुमच्याकडे यातलं काय वाढतंय ते आधी ठरवा.

मग हिशोब करा. समजा ३०० गाळे आहेत आणि प्रत्येकी दोन माणसं नोंद करतात. ऐन गर्दीत एक माणूस सहा सेकंदांत एक नोंद करतो. ६०० भागिले ६, म्हणजे सेकंदाला १०० नोंदी. एका नोंदीमागे पाच क्वेरी (डेटाबेसला केलेल्या विचारणा) धरल्या तर सेकंदाला ५०० क्वेरी.

आता एका नोंदीला डेटाबेसात ४० मिलिसेकंद लागतात असं धरा. सेकंदाला १०० नोंदी गुणिले ०.०४ सेकंद, म्हणजे कोणत्याही क्षणी सरासरी चार कनेक्शन कामात असतात. फक्त चार. रांगेच्या शास्त्रात याला लिटलचा नियम म्हणतात. हा गुणाकार आधी केला असता तर अनेकांनी 'आपल्याला वितरित (अनेक यंत्रांवर पसरलेला) डेटाबेसच लागेल' ही चर्चा सुरूच केली नसती. तीन वर्षांची वाढ आणि हंगाम धरून तिप्पट करा, तरी सेकंदाला ३०० नोंदी आणि बारा कनेक्शन. एक बरा सर्व्हर एवढं काम सहसा पेलतो.

त्याच पानावर तीन मर्यादा लिहा. शंभरातल्या ९९ नोंदी किती वेळात पूर्ण व्हायला हव्यात (समजा ३०० मिलिसेकंद)? सर्व्हर पडला तर किती मिनिटं चालेल? आणि 'जतन झालं' असं सांगितलेली नोंद हरवली तर चालेल का? पट्टी शेतकऱ्याच्या पैशाची आहे. त्यामुळे आपल्या उदाहरणात शेवटच्या प्रश्नाचं उत्तर एकच: नाही.

तपासणी: पानावर एकही आकडा नसेल तर पुढे जाऊ नका. चालू सॉफ्टवेअर असेल तर आकडे अंदाजाने लिहायचे नाहीत, मागच्या हंगामाच्या लॉगमधून काढायचे.

## टप्पा २: यादी तीन नावांवर आणा

सहा डेटाबेस तपासायला घेतले की एकाचीही नीट चाचणी होत नाही. बहुतेक कामांसाठी पोस्टग्रेस, मायएसक्यूएल आणि मारियाडीबी ही तीन नावं पुरतात.

एसक्यूलाइट उत्तम आहे, पण त्यात एका वेळी एकच जण लिहू शकतो. ६०० माणसांच्या नोंदींसाठी ते नाही. टायडीबी आणि युगाबाइटडीबी कामाचा भार अनेक यंत्रांवर वाटतात. पण त्यांना नीट चालवायला किमान तीन यंत्रं लागतात आणि प्रत्येक नोंदीसाठी यंत्रांमध्ये आपसात होकार घ्यावा लागतो, त्यामुळे एकेका नोंदीचा वेळ वाढतो. टप्पा १ मधला हिशोब एका यंत्रात मावत नसेल तरच त्यांना यादीत घ्या. पोस्टग्रेसवर सायटस आणि मायएसक्यूएलवर विटेस असे थर पुढे चढवता येतात, ही वाटही लक्षात असू द्या.

परवाना स्वतः वाचा. कॉक्रोचडीबीचं नाव अजून अनेक 'मुक्त' याद्यांत दिसतं, पण २०१९ पासूनच त्याच्या मुक्त परवान्यावर बंधनं आली आणि २०२४ च्या अखेरीपासून नव्या आवृत्त्या पूर्णपणे कंपनीच्या परवान्याखाली आहेत.

आवृत्त्याही एकाच काळातल्या घ्या. नवं पोस्टग्रेस आणि जुनं मायएसक्यूएल ५.७ अशी जोडी लावलेली मी पाहिली आहे. ५.७ चा आधार ऑक्टोबर २०२३ मध्ये संपला, ८.० चा एप्रिल २०२६ पर्यंतचाच. दीर्घ आधाराची आवृत्ती म्हणून ८.४ घ्या.

सावधान: मारियाडीबी हे मायएसक्यूएलचंच दुसरं नाव समजून एकाची चाचणी दुसऱ्याच्या खात्यावर मांडू नका. दोघांचे रस्ते केव्हाच वेगळे झाले आहेत आणि डीफॉल्ट सेटिंगही वेगळी आहेत. ते टप्पा ५ मध्ये येतं.

## टप्पा ३: यंत्र खरं बोलतं का ते आधी पाहा

डेटाबेस एका यंत्रावर आणि भार टाकणारा प्रोग्राम दुसऱ्यावर, दोन्ही एकाच जाळ्यात. एकाच यंत्रावर दोघांना बसवलं की ते प्रोसेसरसाठी भांडतात आणि तुम्ही त्या भांडणाचा आकडा मोजता. डेटाबेस ऐरोलीच्या डेटा सेंटरमध्ये आणि भार टाकणारा लॅपटॉप ठाण्यात घरच्या वायफायवर, हेही चालणार नाही.

क्लाउडवर चाचणी घेत असाल तर यंत्राचा प्रकार बघा. अॅमेझॉनच्या मुंबई विभागात टी-मालिकेतली यंत्रं स्वस्त पडतात, पण ती साठवलेल्या क्रेडिटवर धावतात आणि क्रेडिट संपलं की मंदावतात. (अमर्याद पर्याय चालू असेल तर मंदावत नाहीत, बिल वाढतं.) त्यामुळे सकाळी तपासलेला डेटाबेस वेगवान आणि दुपारी तपासलेला मंद दिसतो, आणि डेटाबेसचा यात काहीच दोष नसतो. जुन्या जीपी-२ डिस्कचंही तसंच. जीपी-३ डिस्क मुळात सेकंदाला ३००० वाचन-लेखनं देते, म्हणून तुलनेसाठी ती बरी.

स्वतःचा सर्व्हर असेल तर त्यात घरगुती वापराची एसएसडी नाही ना, ते बघा. अशा डिस्कमध्ये वेगवान कॅशचा छोटा भाग असतो. तो भरेपर्यंत आकडे झकास येतात आणि नंतर कोसळतात. वीज गेल्यावर कॅशमधला डेटा वाचवण्याची सोयही बहुधा नसते.

तपासणी: एकाच कनेक्शनवरून एक ओळ टाका आणि कमिट करा, म्हणजे ती पक्की करायला सांगा, असं सतत करत राहा. प्रत्येक कमिटला डेटा डिस्कवर पक्का व्हावा लागतो. डिस्कला पक्कं करायला १ मिलिसेकंद लागत असेल तर एका कनेक्शनवर सेकंदाला हजाराच्या वर कमिट होणं शक्य नाही. तुम्हाला दहा हजार दिसले तर मधलं कोणीतरी 'लिहिलं' असं खोटं सांगतंय: डिस्क, व्हर्च्युअल यंत्र किंवा एखादं सेटिंग. पोस्टग्रेससोबत येणारं पीजी-टेस्ट-एफसिंक हे साधन डिस्कचा हा वेळ थेट मोजून देतं. ही गाठ सुटेपर्यंत पुढची कोणतीही चाचणी घेऊ नका.

## टप्पा ४: डेटा आपल्यासारखा बनवा

डेटा मेमरीत मावत असेल तर सगळेच डेटाबेस वेगवान दिसतात. खऱ्या सर्व्हरवर तीन वर्षांनी डेटा आणि मेमरीचं जे प्रमाण असेल तेच चाचणीत ठेवा. सर्व्हरची मेमरी ३२ जीबी आणि डेटा १२० जीबी होणार असेल, तर ८ जीबीच्या यंत्रावर ३० जीबी घेऊन सुरुवात करता येते.

मजकूर मराठीत भरा. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, आणि काना, वेलांटी, हलन्त ही वेगळी चिन्हं असतात. 'रत्नागिरी' हा शब्द नऊ चिन्हांचा, म्हणजे २७ बाइटचा. रोमन लिपीत तोच नऊ बाइटमध्ये बसतो. शेतकऱ्याचं नाव, गाव, मालाचा प्रकार या सगळ्यांवर इंडेक्स (लवकर शोधण्यासाठीच्या सूची) असतील तर ते इंडेक्स चांगलेच फुगतात आणि मेमरीत मावेनासे होतात. रोमन नावांवर घेतलेली चाचणी हे दाखवतच नाही.

इथेच आणखी एक गोष्ट बघून घ्या. 'कऱ्हाड' मधला 'ऱ' काही कीबोर्ड एक चिन्ह म्हणून लिहितात, काही 'र' आणि नुक्ता अशी दोन चिन्हं म्हणून. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात. पोस्टग्रेसची नेहमीची तुलना त्यांना वेगळे शब्द मानते, तर मायएसक्यूएल ८ ची डीफॉल्ट तुलना एकच मानते. म्हणजे मायएसक्यूएलमध्ये युनिक इंडेक्स (एकच मूल्य दोनदा येऊ न देणारा) दुसरी नोंद अडवेल, तर पोस्टग्रेसमध्ये एकाच माणसाची दोन खाती उघडतील. वेगाशी याचा संबंध नाही, पण डेटाबेस बदलल्यावर पहिल्या आठवड्यात अशाच तक्रारी येतात.

वाटणीही खरी ठेवा. बाजारात सगळे गाळे सारखे नसतात. काहींकडे दिवसाला शेकडो नोंदी होतात, काहींकडे दहा. चाचणीची काही साधनं सहज वापरली तर ती सगळ्यांना सारखं वाटतात, आणि मोठ्या गाळ्याच्या ओळींवर होणारी दाटी त्यात दिसत नाही.

प्राथमिक की, म्हणजे प्रत्येक ओळीची ओळख, कशी आहे तेही लिहून ठेवा. मायएसक्यूएल आणि मारियाडीबीतलं इनोडीबी इंजिन टेबलाच्या ओळी प्राथमिक कीच्या क्रमानेच ठेवतं, आणि बाकीच्या प्रत्येक इंडेक्समध्ये ती की पुन्हा लिहितं. पूर्ण यादृच्छिक यूयूआयडी (यंत्राने बनवलेला लांबलचक ओळख-क्रमांक) दिला तर नव्या ओळी टेबलभर विखुरतात आणि सगळे इंडेक्स जाड होतात. वाढत जाणारा आकडा किंवा वेळेनुसार वाढणारा सातव्या आवृत्तीचा यूयूआयडी घ्या, आणि तिन्हीकडे तोच घ्या.

सावधान: चालू डेटाची प्रत तशीच चाचणीत आणू नका. शेतकऱ्यांचे फोन आणि बँक खाती आधी बदला.

तपासणी: डेटा भरून झाल्यावर तिन्हीकडे अॅनालाइझ (डेटाची आकडेवारी गोळा करणारी आज्ञा) चालवलं का? पोस्टग्रेसवर व्हॅक्यूमसकट (जुन्या ओळींच्या सफाईसकट)? हे विसरलं तर क्वेरीचा आराखडा अंदाजाने बनतो आणि ज्याच्यावर विसरलात तो हरतो.

## टप्पा ५: सेटिंगची पातळी सारखी करा

बहुतेक तुलना इथेच फसतात, म्हणून इथे वेळ घ्या.

पहिलं, टिकाऊपणाचं वचन. कमिट झालेली नोंद वीज गेली तरी राहील, ही हमी तिघांकडून सारखी घ्यायची. पोस्टग्रेसमध्ये सिंक्रोनस कमिट मुळातच चालू असतं. मायएसक्यूएलमध्ये इनोडीबीचा लॉग प्रत्येक कमिटला पक्का होतो, बायनरी लॉग (बदलांची वेगळी नोंदवही) चालू असतो आणि सिंक-बिनलॉग १ वर असतं, म्हणजे तोही प्रत्येक कमिटला पक्का होतो. मारियाडीबीत बायनरी लॉग मुळात बंद असतो, आणि चालू केला तरी सिंक-बिनलॉग ० वर असतं. तिन्ही 'जसे आले तसे' चालवले तर मारियाडीबी कमी काम करून जिंकतो. मग लोक लिहितात की मारियाडीबी वेगवान आहे. बायनरी लॉग दोन्हीकडे चालू ठेवा आणि सिंक-बिनलॉग दोन्हीकडे १ करा. पुढे प्रतिकृती सर्व्हर (मुख्य सर्व्हरची सोबत चालणारी प्रत) लावायचा असेल तर तो लॉग लागणारच आहे.

दुसरं, मेमरी. पोस्टग्रेसचे शेअर्ड बफर्स आणि इनोडीबीचा बफर पूल, दोन्ही मुळात फक्त १२८ एमबी असतात. वाढवायचे दोन्ही, पण दोघांना एकच आकडा द्यायचा नाही. पोस्टग्रेस ऑपरेटिंग सिस्टमच्या कॅशवरही विसंबतो, म्हणून त्याला एकूण मेमरीच्या पावपट द्या आणि तिथून सुरुवात करा. इनोडीबी स्वतःची कॅश स्वतः सांभाळतो. फक्त डेटाबेससाठी असलेल्या यंत्रावर त्याला ६० ते ७५ टक्के द्या.

तिसरं, लेखनाचा लॉग, म्हणजे बदल टेबलात जाण्याआधी जिथे लिहिले जातात ती फाइल; पोस्टग्रेसमध्ये तिला वॉल म्हणतात, इनोडीबीत रीडू लॉग. पोस्टग्रेसची कमाल वॉल मर्यादा १ जीबी असते, मायएसक्यूएलच्या रीडू लॉगची क्षमता १०० एमबी. जोरदार लेखनात १०० एमबी लगेच भरतात आणि डेटाबेस धापा टाकायला लागतो. दोन्ही काही जीबींपर्यंत वाढवा.

चौथं, पोस्टग्रेसमधली रँडम पेज कॉस्ट (डिस्कवर इकडेतिकडे जाऊन वाचण्याची धरलेली किंमत) ४ असते. फिरत्या डिस्कच्या जमान्यातला आकडा आहे हा. एसएसडीवर १.१ च्या आसपास आणा, नाहीतर इंडेक्स असूनही तो पूर्ण टेबल वाचत बसतो.

पाचवं, आयसोलेशन, म्हणजे एकाच वेळी चाललेल्या व्यवहारांना एकमेकांचे बदल कधी दिसतात. पोस्टग्रेसचं डीफॉल्ट रीड कमिटेड आहे, तर इनोडीबीचं रिपीटेबल रीड. तुमच्या हिशोबाला कोणतं हवं ते ठरवा आणि तिघांना तेच द्या.

सहावं, कनेक्शन. पोस्टग्रेस प्रत्येक कनेक्शनला स्वतंत्र प्रोसेस देतो, मायएसक्यूएल आणि मारियाडीबी धागा (थ्रेड) देतात. हजार रिकामी कनेक्शन पोस्टग्रेसला जास्त जड जातात. म्हणून त्याच्यापुढे पीजीबाउन्सर (अनेक कनेक्शन मोजक्या कनेक्शनमधून वळवणारा पूलर) लावूनच चाचणी घ्या, कारण प्रत्यक्षात लावणारच आहात. तो ट्रान्झॅक्शन पद्धतीत चालवला तर सत्राशी बांधलेल्या गोष्टी चालत नाहीत, आणि प्रिपेअर्ड स्टेटमेंटसाठी (आधी तयार करून ठेवलेल्या क्वेरींसाठी) आवृत्ती १.२१ किंवा पुढची लागते. मारियाडीबीच्या मोफत आवृत्तीत थ्रेड पूल (मोजक्या धाग्यांवर अनेक कनेक्शन चालवणारी सोय) येतो, मायएसक्यूएलमध्ये तो फक्त पैसे देऊन मिळणाऱ्या आवृत्तीत आहे. हजारो कनेक्शन थेट डेटाबेसवर येणार असतील तर हा फरक मोठा आहे.

सावधान: आपल्याला जो डेटाबेस येतो त्याची सेटिंग माणूस दिवसभर सुधारतो आणि दुसऱ्याला तासाभरात उरकतो. माझ्या हातूनही हे झालंय. एका तुलनेत मी पोस्टग्रेसवर आठवडा घालवला होता आणि मायएसक्यूएलवर एक दुपार. तो अहवाल मला मागे घ्यावा लागला. तिघांसाठी सारखे तास ठरवा, आणि प्रत्येकाची बाजू घेणारा वेगळा माणूस असेल तर फारच बरं.

## टप्पा ६: आपल्या कामाची चाचणी लिहा

तयार चाचणी फक्त जोडणी ठीक आहे का हे पाहायला वापरा. पीजीबेंच ही पोस्टग्रेसची तयार चाचणी स्केल १ वर चालवून पन्नास क्लायंट (एकदम जोडलेले वापरकर्ते) लावायची चूक तर रोज दिसते. स्केल १ म्हणजे खात्यांच्या एक लाख ओळी, पण शाखांच्या टेबलात फक्त एकच ओळ. नेहमीच्या चाचणीत प्रत्येक व्यवहार तीच ओळ बदलतो, म्हणून पन्नासही क्लायंट एकामागे एक रांगेत उभे राहतात. स्केल नेहमी क्लायंटच्या संख्येपेक्षा मोठं हवं. हॅमरडीबी हे तयार चाचणीचं साधन वापरत असाल तर मिनिटाला किती नव्या ऑर्डर झाल्या हा आकडा तुलनेला घ्या. त्याच्या शेजारी दिसणारा व्यवहारांचा आकडा प्रत्येक डेटाबेस आपापल्या पद्धतीने मोजतो.

खरी चाचणी सिसबेंच या चाचणीच्या साधनासाठी लुआ भाषेतल्या स्क्रिप्टमध्ये लिहा. ती पोस्टग्रेसवरही चालते आणि मायएसक्यूएल-मारियाडीबीवरही. आपल्या उदाहरणात तिच्यात चार कामं असतील: आवक नोंद, विक्री नोंद, पट्टी काढणं आणि गाळ्याचा दिवसाचा अहवाल. प्रमाण लॉगमधून घ्या.

पट्टीचा क्रमांक चाचणीतून गाळू नका. सिक्वेन्स (डेटाबेसाचा आपोआप वाढणारा क्रमांक) वापरला तर व्यवहार रद्द झाल्यावर क्रमांक गळतो. हिशोबनीसांना सलग क्रमांक हवे असतात, म्हणून लोक मोजणीची एक ओळ ठेवतात आणि प्रत्येक पट्टीला ती एकाने वाढवतात. आता बघा: ती ओळ व्यवहार संपेपर्यंत कुलूपबंद राहते. व्यवहार १० मिलिसेकंदांचा असेल तर सेकंदाला जास्तीत जास्त १०० पट्ट्या निघतील, यंत्र कितीही मोठं घ्या. अख्ख्या बाजाराला मिळून मोजणीची एकच ओळ असेल तर हंगामात तुम्ही याच भिंतीवर आदळाल, आणि डेटाबेस बदलून ती भिंत हलणार नाही. प्रत्येक गाळ्याला वेगळी ओळ द्या आणि क्रमांक व्यवहाराच्या अगदी शेवटी घ्या.

तपासणी: सगळ्या क्वेरींचे आराखडे तिन्हीकडे पाहा: पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएलवर एक्सप्लेन अॅनालाइझने, मारियाडीबीवर क्वेरीआधी नुसतं अॅनालाइझ लावून. कुठे इंडेक्स राहून गेला असेल तर तो आत्ताच लावा.

## टप्पा ७: पायरी-पायरीने भार चढवा

१. दहा-पंधरा मिनिटं भार टाकून कॅश गरम करा. हे आकडे टाकून द्या.

२. ४, ८, १६, ३२, ६४, १२८ क्लायंट अशा पायऱ्या घ्या आणि प्रत्येक पायरी निदान अर्धा तास चालवा. पोस्टग्रेसचा चेकपॉइंट (मेमरीतले बदल डिस्कवर उतरवण्याची वेळ) मुळात दर पाच मिनिटांनी येतो आणि त्याच्यानंतर लेखन वाढतं. मिनिटभराची चाचणी त्याला भेटतच नाही.

३. सगळं तीनदा करा, डेटाबेसांचा क्रम दर वेळी बदलून.

४. ९५ व्या आणि ९९ व्या टक्क्याचा वेळ लिहा, म्हणजे शंभरातल्या ९५ आणि ९९ नोंदी किती वेळात पूर्ण झाल्या तो. सरासरी लिहून काही कळत नाही. पहाटे पाच वाजता खोळंबलेल्या माणसाला सरासरी दिसत नाही, त्याला पडद्यावर फिरणारं चक्र दिसतं.

५. मग ठरावीक दराने भार टाका: सेकंदाला १००, २००, ३०० नोंदी. हे वेगळं का? साधी चाचणी पहिलं उत्तर येईपर्यंत दुसरा प्रश्न विचारत नाही. डेटाबेस पाच सेकंद अडकला तर साधनही पाच सेकंद गप्प बसतं आणि प्रत्येक क्लायंटमागे फक्त एक वाईट नोंद लिहितं. बाजारातली माणसं गप्प बसत नाहीत, त्यांची रांग वाढत जाते. पीजीबेंचला दर ठरवून दिला तर तो नोंदीच्या ठरलेल्या वेळेपासून मोजतो, आणि ही रांग आकड्यांत उतरते.

आलेखात एक जागा अशी येईल की क्लायंट दुप्पट केले तरी कामाचा वेग जेमतेम वाढतो आणि ९९ व्या टक्क्याचा वेळ उसळतो. तुमची खरी मर्यादा त्याच्या आधीच्या पायरीवर आहे.

तपासणी: भार टाकणाऱ्या यंत्राचा प्रोसेसर ७०-८० टक्क्यांच्या वर गेला असेल तर तुम्ही त्याचीच मर्यादा मोजलीत.

शेवटी आठ तासांची सलग चाचणी घ्या, तिच्यात ओळी बदलणारी कामं भरपूर ठेवा आणि मुद्दाम एक व्यवहार उघडा सोडा, जसा कोणीतरी अहवाल चालू करून चहाला जातो. पोस्टग्रेस ओळ बदलताना जुनी प्रत टेबलातच ठेवतो आणि ऑटोव्हॅक्यूम ती नंतर साफ करतो. डीफॉल्टप्रमाणे टेबलाच्या साधारण २० टक्के ओळी मृत झाल्यावर सफाई सुरू होते. पाच कोटींच्या टेबलात हा आकडा एक कोटी होतो, म्हणून मोठ्या टेबलांसाठी प्रमाण खूप कमी करा. इनोडीबी जुन्या प्रती अनडू लॉगमध्ये ठेवतो. उघड्या व्यवहारामुळे तिथेही सफाई थांबते आणि हिस्टरी लिस्टची (सफाई बाकी असलेल्या बदलांच्या यादीची) लांबी वाढत जाते. दुखणं दोघांचंही आहे, फक्त ते वेगवेगळ्या जागी दिसतं.

## टप्पा ८: मुद्दाम मोडून बघा

प्रतिकृती सर्व्हर लावा आणि अहवाल तिकडे वळवा. प्रतिकृतीमुळे वाचनाचा भार वाटला जातो, लेखनाचा नाही. हे मारियाडीबीच्या गॅलेरा क्लस्टरलाही (कोणत्याही यंत्रावर लिहिता येणाऱ्या यंत्रांच्या गटालाही) लागू आहे: प्रत्येक नोंद सगळ्या यंत्रांवर लिहावीच लागते. शिवाय दोन यंत्रांवर एकच ओळ एकदम बदलली तर एकाला ऐन कमिटच्या क्षणी डेडलॉकची चूक मिळते. अॅप तो व्यवहार पुन्हा करून बघतं का, ते तपासा.

पोस्टग्रेसच्या प्रतिकृतीवर लांबलेला अहवाल मुख्य सर्व्हरकडून आलेल्या बदलांच्या आड आला तर ३० सेकंदांनंतर तो रद्द होऊ शकतो. ही मर्यादा वाढवता येते, पण मग प्रतिकृती तेवढी मागे पडते. पट्टी काढल्याबरोबर तीच पट्टी प्रतिकृतीवरून वाचून बघा. दिसली नाही, तर माणूस ती दुसऱ्यांदा काढणार हे धरून चला.

भर भारात टेबलात एक स्तंभ वाढवा. साधा स्तंभ तिन्ही डेटाबेस आता क्षणात वाढवतात. पण तिन्हीकडे त्या क्षणासाठी टेबलाला पूर्ण कुलूप लागतं. एखादा लांब व्यवहार चालू असेल तर तुमचा बदल त्याच्यामागे थांबतो आणि बाकी सगळी वाहतूक तुमच्या बदलामागे. लॉक टाइमआउट (कुलपासाठी थांबायची मर्यादा) लावूनच बदल करा.

मग यंत्राची वीज खरोखर तोडा. प्रोसेस मारणं पुरेसं नाही, कारण ऑपरेटिंग सिस्टमची कॅश त्यात टिकून राहते. भार टाकणाऱ्या यंत्रावर 'जतन झालं' म्हणून मिळालेल्या नोंदी मोजा आणि यंत्र उठल्यावर डेटाबेसात मोजा. एकही कमी निघाली तर टप्पा ३ आणि ५ कडे परत जा.

बॅकअप घ्या, दुसऱ्या यंत्रावर उतरवा आणि लागलेली मिनिटं लिहा. हे सगळे टाळतात.

## टप्पा ९: निकाल लावा

आधी ज्यांनी टप्पा १ च्या मर्यादा ओलांडल्या त्यांना काढा. उरलेल्यांत वेगाचा फरक वीस टक्क्यांच्या आत असेल तर मी तो फरक धरतच नाही, कारण एखादा इंडेक्स इकडचा तिकडे झाला तरी तेवढं हलतं. त्यानंतर हे बघतो की पहाटे चार वाजता सर्व्हर बसला तर फोन उचलणाऱ्या माणसाला कोणता डेटाबेस येतो.

माझा कल सांगतो. अहवाल गुंतागुंतीचे असतील, अनेक टेबलं जोडावी लागत असतील, तर मी पोस्टग्रेसकडे झुकतो. प्राथमिक कीवरून एकेक ओळ आणणं आणि बदलणं हेच मुख्य काम असेल तर मायएसक्यूएल उत्तम चालतो. कनेक्शन हजारोंनी येणार असतील आणि मध्ये पूलर ठेवायचा नसेल तर मारियाडीबी.

तारखेनुसार टेबलाचे भाग पाडणार असाल तर आधी दोन अटी बघा. तिन्हीकडे युनिक कीमध्ये भाग पाडायचा स्तंभ असावाच लागतो. आणि मायएसक्यूएल-मारियाडीबीत भाग पाडलेल्या टेबलावर फॉरेन की (दुसऱ्या टेबलातल्या ओळीशी बांधणारी अट) चालत नाही. हे नंतर कळलं तर अर्धा आराखडा पुन्हा लिहावा लागतो.

## टप्पा १०: पुढच्या चाचणीची तारीख आत्ताच घाला

स्क्रिप्ट, सेटिंगच्या फायली, डेटा बनवणारा प्रोग्राम आणि आलेख हे सगळं सॉफ्टवेअरच्या कोडसोबत एकाच ठिकाणी ठेवा. आवृत्ती क्रमांक आणि यंत्राचा प्रकारही त्यात लिहा.

पुढची फेरी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात घ्या. तेव्हा हापूसची आवक नुकती सुरू होत असते, सुधारणा करायला महिना-दीड महिना हातात असतो आणि मागच्या हंगामाचे खरे आकडे टप्पा १ च्या पानावर घालता येतात. मधल्या काळात गाळ्यांची संख्या दीडपट झाली किंवा डेटा मेमरीच्या चौपट झाला, तर फेब्रुवारीची वाट न बघता टप्पा ७ लगेच पुन्हा चालवा.